बातमीतला कर्ता कुठे जातो?

हे सदर सहसा निरनिराळ्या विषयांवरील प्रश्नांचे असते. या वेळी मात्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे बातम्यांच्या भाषेविषयी निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ती सात पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे आयात शुल्क काढले, तेव्हा आमच्या घरी येणाऱ्या वृत्तपत्रात ‘वस्त्रोद्योगाला मोठा दिलासा’ अशा अर्थाचे शीर्षक होते आणि शेजाऱ्यांकडच्या वृत्तपत्रात ‘कापूस उत्पादकांच्या पोटावर पाय’ अशा अर्थाचे होते. आकडे दोन्हींकडे सारखेच होते. मग खोटे कोण बोलले?
— कापूस उत्पादक, चोपडा तालुका

उत्तर : खोटे कोणीच बोलले नाही, आणि म्हणूनच आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले आणि पुढे ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली, एवढी वस्तुस्थिती दोन्हींकडे होती. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावल्यामुळे कापड निर्यातदारांसमोर खरोखरच संकट उभे होते, हेही खरे होते. आपल्याकडे पूर्वहंगामी कपाशीची वेचणी सप्टेंबरात सुरू होते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास खेडा खरेदीला, म्हणजे व्यापाऱ्यांच्या गावोगावच्या खरेदीला, वेग येतो. नेमक्या त्याच काळात परदेशी गाठी स्वस्त झाल्या तर येथील भावावर दाब येणार, हेही तितकेच खरे होते.

‘दिलासा’ हा शब्द नेहमी कोणाला तरी असतो. ज्याला दिलासा मिळाला तो बातमीच्या मध्यभागी बसतो आणि ज्याच्या खिशातून तो गेला तो बातमीच्या चौकटीबाहेर उभा राहतो. कांद्याचे पाहा. भाव चढले की ‘कांद्याने आणले डोळ्यांत पाणी’ हे पहिल्या पानावर येते, आणि तोच कांदा चाळीसगावच्या किंवा धुळ्याच्या बाजारात मातीमोल झाला की ‘गृहिणींना दिलासा’ होतो. दोन्ही वेळा बातमी विकत घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरातून लिहिलेली असते. ती तशी लिहिण्यात लेखकाचा दुष्ट हेतू असतोच असे नाही, कारण पुष्कळदा तो स्वतः शहरात राहतो आणि भाजी विकत घेतो. मात्र वर्षानुवर्षे एकाच खिडकीतून पाहिले की पलीकडच्या माणसाला भाव मिळणे हीच आपत्ती आहे, असे वाचणाऱ्याला वाटू लागते.

आकडेही याच रीतीने वाकतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,१२१ वरून ७,७१० रुपये झाला. ‘क्विंटलमागे ५८९ रुपयांची घसघशीत वाढ’ असे लिहिता येते आणि ‘वाढ जेमतेम आठ टक्के’ असेही लिहिता येते. दोन्ही बरोबर आहेत. ‘घसघशीत’ आणि ‘जेमतेम’ हे दोन शब्द मात्र कोणत्याही सरकारी परिपत्रकात नसतात, ते वृत्तपत्राच्या कचेरीत जोडले जातात. आणि मूळ प्रश्न, म्हणजे तो हमीभाव आपल्या गावच्या खरेदीत प्रत्यक्ष हाती पडला की नाही, तो दोन्ही शीर्षकांत येतच नाही.

जाता जाता आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. ‘कर्जमाफी’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यात ‘माफी’ आहे हे विसरतो. माफी अपराध्याला मिळते. शेतकरी संघटनेने ‘कर्जमुक्ती’ या शब्दाचा आग्रह धरला तो याच कारणाने, आणि राज्य सरकारच्या २०१९ च्या योजनेच्या नावातही पुढे ‘कर्जमुक्ती’ हाच शब्द आला. बातम्यांत मात्र अजून ‘माफी’च चालते. बड्या उद्योगांच्या थकीत कर्जांसाठी ‘निर्लेखित’ हा शब्द असतो. तो हिशेबाच्या वहीतला शब्द आहे, म्हणजे बुडीत कर्ज ताळेबंदातून वगळणे, आणि निर्लेखनानंतरही वसुलीचा हक्क बँकेकडे राहतो, म्हणून या दोन गोष्टी एक नव्हेत हे मान्य करायला हवे. तरीही एका शब्दाने माणसाची मान खाली जाते आणि दुसऱ्याचा अर्थ विचारण्यासाठी शब्दकोश उघडावा लागतो, हा फरक उरतोच.

प्रश्न : नववीच्या वर्गात प्रयोग शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “बाई, हे कर्तरी-कर्मणी परीक्षेनंतर कुठे लागते?” मी वर्गात वृत्तपत्र आणले, तर बहुतेक वाक्ये ‘करण्यात आले’ अशी निघाली. हा केवळ सवयीचा भाग आहे की त्यात काही हेतू असतो?
— माध्यमिक शिक्षिका, शहादा

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न या सदराच्या बहुतेक प्रश्नांपेक्षा चांगला आहे. तिला माझ्या वतीने सांगावे की प्रयोगाचा सर्वांत जास्त उपयोग सकाळी चहाबरोबर वृत्तपत्र वाचताना होतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कर्मणी प्रयोग स्वतः दोषी नाही. ‘पोलिसांनी लाठीमार केला’ हे वाक्य आपल्या व्याकरणानुसार कर्मणीच आहे, आणि त्यात कर्ता ठळकपणे उभा आहे. कर्ता नाहीसा होतो तो ‘-ण्यात येणे’ आणि ‘-ले जाणे’ या रचनांत. ‘लाठीमार करण्यात आला.’ कोणी केला, हे विचारायला वाक्यात जागाच ठेवलेली नाही. त्याहून पुढची पायरी म्हणजे ‘पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला’. येथे कर्ता परत आला आहे, परंतु तो नाइलाजाने आला आहे. ‘करावा लागला’ या दोन शब्दांत चौकशी, सुनावणी आणि निर्दोष मुक्तता हे सर्व एकाच वेळी उरकले आहे. लाठीमार आवश्यक होता की नव्हता हे ठरवण्यासाठी प्रसंगी महिनोन्‌महिने चौकशी चालते, आणि बातमीदाराने ते त्याच रात्री एका सहायक क्रियापदाने ठरवून टाकले. ‘सौम्य’ हे विशेषण कोणाच्या पाठीवर मोजले, तेही त्याने सांगितलेले नसते.

मराठीत याहून बेमालूम सोय आहे, ती अकर्मक क्रियापदांची. दर ‘वाढवले’ म्हटले की वाढवणारा शोधावा लागतो. दर ‘वाढले’ म्हटले की ते पावसाळ्यातल्या गवतासारखे आपोआप वाढतात. निधी ‘परत गेला’ असे आपण दर मार्चअखेर वाचतो, जणू निधीला पाय फुटतात आणि तो संध्याकाळची गाडी पकडून मुंबईला जातो. रस्ता ‘रखडतो’, फाइल ‘अडकते’, पाणीपुरवठा ‘विस्कळीत होतो’, नवा पूल पहिल्याच पुरात ‘वाहून जातो’. या सर्व वाक्यांत निर्जीव वस्तू कामे करतात आणि पगार घेणारी माणसे कुठेही दिसत नाहीत. यामुळे वाचकाचे मत कोणाच्या बाजूने वळते असे नाही, पण राग धरण्यासाठी त्याला माणूसच सापडत नाही, आणि ज्याच्यावर राग धरता येत नाही त्याला जाबही विचारता येत नाही.

हेतू की सवय, या आपल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की बहुतेक वेळा सवय. सरकारी प्रसिद्धिपत्रक ‘करण्यात येत आहे’ याच भाषेत येते, रात्री पान लावण्याची घाई असते, आणि ते पत्रक जवळजवळ तसेच छापले जाते. म्हणजे हेतू असलाच तर तो पत्रक लिहिणाऱ्याचा असतो. वृत्तपत्र त्याला आपला आवाज उसना देते. नाव वगळणे काही वेळा कर्तव्यही असते. बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई आहे, आणि जेथे गुन्हा कोणी केला हे खरोखर ठाऊक नाही तेथे संशयावरून नाव छापण्यापेक्षा जागा मोकळी सोडणे चांगले.

वर्गासाठी एक खेळ सुचवतो. पहिल्या पानावरील पाच बातम्या घेऊन प्रत्येक ‘करण्यात आले’च्या वाक्यात विद्यार्थ्यांना ‘कोणी?’ हा शब्द लिहायला सांगावा आणि त्याचे उत्तर त्याच बातमीत मिळते का ते शोधायला सांगावे. ‘सूत्रांनी सांगितले’, ‘बोलले जात आहे’, ‘चर्चेला उधाण आले आहे’ या वाक्यांनाही हीच कसोटी लावावी. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण गावातली कोणतीही वार्ता घरात आणली की ती पहिला प्रश्न अहिराणीत एकच विचारत असे, “तुले कोनी सांगं?” उत्तर देता आले नाही तर ती वार्ता तिथेच संपत असे.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो. २२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेले प्रवासी शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली आले. त्यानंतर ‘अफवेने घेतले बळी’ अशी शीर्षके वाचली. शब्दांचा परिणाम होतो असे सगळे म्हणतात, पण वाचक खरेच इतका भोळा असतो का? याला काही पुरावा आहे का?
— वाचक, भुसावळ

उत्तर : पुरावा आहे, आणि आपण अपघाताचाच विषय काढला आहे म्हणून अपघातावरचाच देतो. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या चित्रफिती दाखवल्या आणि मोटारींचा वेग किती असावा, असे विचारले. प्रश्नातले क्रियापद तेवढे बदलत होते. आपल्या भाषेत सांगायचे तर काहींना गाड्या ‘एकमेकींवर आदळल्या’ तेव्हा वेग किती होता असे विचारले आणि काहींना ‘एकमेकींना लागल्या’ तेव्हा किती होता असे विचारले. पहिल्या गटाचा अंदाज सरासरी ताशी सुमारे ४१ मैल निघाला आणि दुसऱ्याचा सुमारे ३२. त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारण्यात आले की चित्रफितीत फुटलेली काच दिसली होती का. काच मुळात नव्हतीच. तरी ज्यांच्या प्रश्नात ‘आदळल्या’ होते त्या ५० जणांपैकी १६ जणांनी ती दिसल्याचे सांगितले, आणि ‘धडकल्या’ असा साधा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी. एका क्रियापदाने अंदाज बदलला, आणि पुढे आठवणही बदलली.

दुसरा प्रयोग १९८१ चा, एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांचा. ६०० लोकांचा जीव घेऊ शकेल अशी साथ येत आहे, असे कल्पायचे. एका उपायाने ‘२०० लोक नक्की वाचतील’ आणि दुसऱ्यात सगळेच वाचण्याची शक्यता एक तृतीयांश, असे सांगितल्यावर ७२ टक्के लोकांनी पहिला, खात्रीचा उपाय निवडला. तोच उपाय दुसऱ्या गटाला ‘४०० लोक नक्की मरतील’ अशा शब्दांत सांगितल्यावर ७८ टक्के लोकांनी तो टाकून जोखमीचा उपाय पत्करला. हिशेब दोन्हींकडे तोच होता.

आता भोळेपणाविषयी. हे प्रयोग खोलीत बसवलेल्या माणसांवर झाले, आणि त्या माणसांना त्या साथीचा किंवा त्या टकरीचा स्वतःचा अनुभव नव्हता. ही मर्यादा मला त्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. वरच्या चोपड्याच्या शेतकऱ्याला कापसाच्या भावाविषयी कोणतेही शीर्षक फसवू शकणार नाही, कारण त्याच्या घरात कापूस पडून आहे. परंतु मुंबईतल्या संपाविषयी किंवा सीमेवरच्या चकमकीविषयी तो मी किंवा आपण यांच्याइतकाच शब्दांच्या हवाली असतो. आपणही रेल्वेच्या बातमीत लगेच खोट काढाल आणि दवाखान्याच्या बातमीत काढू शकणार नाही. भोळेपणा हा माणसाचा स्वभाव नसून तो विषयागणिक बदलतो.

‘अफवेने घेतले बळी’ या शीर्षकाबद्दल आपल्याला जे खटकले असावे तेच मलाही खटकले. अफवा होती हे खरेच. पण अफवेला कर्तेपद दिले की उतरलेल्या माणसांना शेजारच्या रुळाविषयी सावध कोण करू शकले असते, समोरून येणाऱ्या गाडीला इशारा देण्याची काय सोय होती, हे प्रश्न शीर्षकापाशीच थांबतात. अफवेवर खातेनिहाय चौकशी बसत नाही.

प्रश्न : साक्री तालुक्यातील राईनपाड्याला पाच जणांना ठार मारले गेले, तेव्हा मी शाळेत होतो. आता पत्रकारितेचा अभ्यास करतो आहे. त्या घटनेत दोष समाजमाध्यमांचा होता, वृत्तपत्रांचा नव्हता, असे आम्हाला सांगितले जाते. आपले मत काय?
— विद्यार्थी, धुळे

उत्तर : मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेचे संदेश मोबाइलवरून फिरले, हे बरोबर आहे. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा बाजारचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. या अर्थाने आपल्याला सांगितले जाते ते खरे आहे.

पण आपण पत्रकार होणार आहात, म्हणून थोडे मागे जाऊन पाहावे. अनोळखी, फिरस्ता, वेगळ्या वेशातला माणूस दिसताच ‘टोळी’ हा शब्द इतक्या चटकन लोकांच्या तोंडी का आला? व्यापारी चार जण मिळून आले तर त्यांची टोळी होत नाही, तलाठी आणि कोतवाल मिळून आले तरी होत नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळला जातो. कायदा गेला, त्याचा शब्दसंग्रह गेला नाही. चोरीच्या बातमीत आरोपी फिरस्त्या समाजातला असेल तर जमातीचे नाव शीर्षकात येते, ‘अट्टल’ आणि ‘सराईत’ ही विशेषणे न्यायालयाच्या आधी लागतात. आरोपी सहकारी बँकेतला अधिकारी असेल तर त्याची जात आपल्याला कधीच कळत नाही, आणि कळू नये हेच योग्य आहे. अशा शेकडो लहान बातम्या आठव्या पानावर निमूट वाचल्या जातात. राईनपाड्यात त्यांपैकी एकही बातमी कोणाच्या हातात नसेल, पण त्यांनी घडवलेले चित्र डोक्यात नव्हते असे मी म्हणू शकत नाही.

घटनेनंतरच्या भाषेकडेही पाहावे. ‘संशयावरून हत्या’ या शब्दप्रयोगात संशय हे कारण ठरते आणि मेलेली माणसे कायमची संशयित राहतात. ‘मुले पळवणारे समजून’ हे त्यामानाने बरे, कारण त्यात चूक मारणाऱ्यांची आहे हे दिसते. ‘जमावाने’ हा शब्द तर पूर्ण निर्दोषही नाही आणि पूर्ण सदोषही नाही. घटनेच्या रात्री दुसरा शब्द उपलब्ध नसतो; पण आरोपपत्र दाखल झाल्यानंतरही बातमी ‘जमाव’ म्हणत राहिली, तर ती कर्त्याला गर्दीत लपायला मदत करते.

नावे ठेवण्याचा हा अधिकार कोणाकडे असतो, हे आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात पाहायला मिळते. शिरपूरकडच्या सातपुड्यात खाज्या नाईक यांनी १८५७-५८ मध्ये भिल्लांना घेऊन इंग्रजांशी लढा दिला, एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख लुटारू आणि बंडखोर म्हणून येतो. आज त्याच माणसाला आपण क्रांतिवीर म्हणतो. माणूस तोच आहे, लेखणी बदलली. यावरून सगळे शब्द सारखेच असतात असे कृपया समजू नये. शब्द लिहिणाऱ्याच्या हाती त्या वेळी कोणती सत्ता होती, हे विचारायला शिकावे, एवढेच मी म्हणतो.

प्रश्न : ‘केळीवर व्हायरसचा हल्ला’ असे वाचून पुण्यातल्या नातेवाइकांनी केळी खाणे थांबवले. बातमी खोटी होती का?
— केळी उत्पादक कुटुंबातील गृहिणी, रावेर तालुका

उत्तर : बातमी खरी होती, एक वाक्य कमी होते. कुकुंबर मोझॅक व्हायरस, ज्याला आपल्याकडे हरण्या रोग म्हणतात, तो मावा या किडीमुळे पसरतो आणि रोगट झाड उपटून नष्ट करावे लागते; शेतकऱ्याचे त्यात मोठे नुकसान होते. हा विषाणू वनस्पतींचा आहे, माणसाला त्याची बाधा होत नाही. हे शेवटचे वाक्य रावेर-यावलच्या वाचकाला सांगण्याची गरज नसते, म्हणून स्थानिक बातमीदाराने ते लिहिले नसावे. तीच बातमी पुण्याच्या आवृत्तीत गेली आणि ‘व्हायरस’ हा एकच शब्द वाचकाच्या मनात करोनाच्या आठवणीला जाऊन चिकटला. नातेवाइकांना निर्धास्तपणे केळी पाठवावीत.

प्रश्न : कोणते वृत्तपत्र निःपक्षपाती आहे, आणि भाषेने दिशाभूल केल्यास तक्रार कोठे करावी?
— निवृत्त ग्रंथपाल, अमळनेर

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण ग्रंथपाल म्हणून माझ्यापेक्षा चांगले जाणता : असे एकही नाही, आणि एकमेकांशी न पटणारी दोन वाचावीत.

तक्रारीची वाट अशी आहे. प्रथम संपादकांना लेखी कळवावे, कात्रण जोडावे आणि पत्राची प्रत जपून ठेवावी. समाधान झाले नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे जाता येते. ही परिषद प्रथम १९६६ मध्ये स्थापन झाली आणि सध्या १९७८ च्या कायद्यानुसार काम करते. दैनिक किंवा साप्ताहिकाविरुद्धची तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. परिषद इशारा देऊ शकते, कानउघाडणी करू शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही. दूरचित्रवाणी वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. ‘सौम्य लाठीमार’ लिहिले म्हणून परिषद काही करील, अशी आशा मात्र धरू नये. तिच्या कामाचा विषय खोटेपणा, बदनामी, जातीय भडकावणी असा असतो, आणि या अंकात आपण ज्याविषयी बोलत आहोत ते बहुतांशी कोणत्याही नियमात न बसणारे आहे.

निवडणुकीच्या काळातली ‘पॅकेज’ची, म्हणजे पैसे घेऊन छापलेली, बातमी ही वेगळी बाब आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात तिची इतकी चर्चा झाली की प्रेस परिषदेने उपसमिती नेमली, आणि नंतर निवडणूक आयोगाने जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समित्या आणल्या. एकाच दिवशी दोन वृत्तपत्रांत एकाच उमेदवाराविषयी अगदी त्याच शब्दांत ‘वाढता पाठिंबा’ दिसला, तर दोन्ही कात्रणे त्या समितीकडे पाठवावीत. ती भाषा ओळखायला सोपी असते, कारण तिच्यात सभेला नेहमी ‘अलोट गर्दी’ असते आणि समोरच्या उमेदवाराचे नावच नसते.

प्रश्न : मागील अंकात आपणच या सदरात लिहिले होते, ‘सातपुड्याच्या अतिदुर्गम भागातील भोळेभाबडे आदिवासी अजूनही योजनांपासून वंचित राहिले आहेत.’ मी धडगावजवळच्या पाड्यावर राहतो, पदवीधर आहे. आमचा पाडा आम्हाला दुर्गम नाही, आम्ही रोज तेथेच असतो. भोळे कोण, हे आपण कसे ठरवले? आणि ‘वंचित राहिले’ म्हणजे आम्ही स्वतःच राहिलो का?
— वाचक, अक्राणी तालुका

उत्तर : हे पत्र सर्वांत शेवटी घेतले आहे, कारण वर इतरांना दिलेली सगळी उत्तरे लिहून झाल्यावर मला ते पुन्हा वाचावे लागले.

आपले तिन्ही आक्षेप मान्य आहेत. ‘अतिदुर्गम’ हे अंतर मी जळगावच्या माझ्या टेबलापासून मोजले होते. धडगावहून मोजले तर मंत्रालय अतिदुर्गम आहे. ‘भोळेभाबडे’ हा शब्द मी आपुलकीने लिहिला, असे स्वतःला सांगत होतो. पण ज्याला भोळा म्हटले त्याचे म्हणणे विचारण्याची गरज उरत नाही, आणि मी खरोखरच आपल्या भागातील कोणाला काही विचारले नव्हते. तिसरा आक्षेप मला सर्वांत लागला. ‘वंचित राहिले’ हे वाक्य लिहिताना मी तेच केले, ज्याबद्दल शहाद्याच्या शिक्षिकेला वर दोन पाने उत्तर दिले आहे.

ते वाक्य दुरुस्त करायला बसलो, तेव्हा ‘भोळेभाबडे’ आणि ‘अतिदुर्गम’ हे दोन शब्द काढणे सोपे गेले. ‘वंचित राहिले’च्या जागी ‘वंचित ठेवले’ असे लिहिले आणि लेखणी थांबली, कारण आता वाक्याला कर्ता हवा होता. कोणत्या योजना, कोणत्या कार्यालयात, कोणत्या टप्प्यावर अडवल्या गेल्या, हे मला ठाऊकच नव्हते. आपल्या पाड्यावरच्या कोणत्या अर्जांचे काय झाले ते शक्य असल्यास तारखांसह कळवावे. मीही पुढच्या महिन्यात धडगावला येत आहे. दुरुस्त वाक्य त्यानंतरच्या अंकात कर्त्यासह छापू.